वाचक विचारतात : तो लाल रंग किड्यांचा असतो का हो?

मागच्या अंकात या पानावर एका बाईंनी विचारलं होतं की परदेशातून आणलेल्या स्ट्रॉबेरी योगर्टच्या डब्यावर ई 120 लिहिलंय, ते काय असतं. मी तीन ओळींत उत्तर दिलं की तो कोचिनील नावाच्या किड्यापासून काढलेला लाल रंग, चालत असेल तर खा, नसेल तर खाऊ नका, विषय संपला. कसला संपतोय! महिनाभर मेल आणि व्हॉट्सॲप नुसते वाजतायत, अर्ध्या लोकांना शिसारी आलीय आणि अर्ध्यांना आपल्याकडे हा किडा कुठे मिळेल ते हवंय. मी स्वतः घरच्या घरी कापड रंगवायचे उद्योग बरीच वर्षं करतेय, त्यामुळे संपादकांनी सरळ सांगितलं की या वेळी अख्खं पान तुमचंच, निस्तरा. तर घ्या.

ताई, किडे म्हणजे खरंच किडे, की मधासारखं किड्यांनी बनवलेलं काहीतरी? माझ्या मुलीने सगळ्या लिपस्टिक कचऱ्यात टाकल्या. – एक आई, ठाणे

खरंच किडे, मधासारखं काही नाही. मधमाशी मध करते आणि उडून जाते, इथे किडा हाच माल. मेक्सिकोतल्या फड्या निवडुंगावर राहतो, शास्त्रीय नाव डॅक्टिलोपियस कोकस, आणि त्यातली मादी आयुष्यभर एका जागी सोंड खुपसून बसते, पंख नाहीत, हिंडणं नाही, नुसतं रस पिणं आणि फुगणं. नर बारका, पंखवाला, चार दिवसांचा पाहुणा, रंगाच्या धंद्यात त्याला कोणी विचारत नाही. पोटुशी मादी ब्रशने खाली पाडायची, उन्हात, गरम पाण्यात किंवा भट्टीत मारायची आणि वाळवायची. एका किलोला साधारण दीड लाख किडे लागतात.

माझ्याकडे एका छोट्या बरणीत आहेत थोडे. पहिल्यांदा हातावर घेतले तेव्हा वाटलं फसवलं आपल्याला, कारण दिसायला करडे, वर पांढरट राख लागल्यासारखे, मसुरीपेक्षा लहान आणि अंगावर आडव्या सुरकुत्या, यातून लाल निघेल असं कुठल्याच बाजूने वाटत नाही. दोन किडे तळहातावर घेऊन पाण्याचा एक थेंब टाकला आणि बोटाने चोळलं तर अख्खा तळहात गर्द लाल, जसं काही कापलंय. मग मी तीन बशांत तो रंग वाटून घेतला, एकीत लिंबू पिळलं तर नारिंगी झाला, एकीत चिमूटभर खायचा सोडा टाकला तर जांभळा, आणि मधली होती तशी लाल. शेजारच्या मुलांना दाखवायला याच्यासारखी जादू नाही.

हा रंग म्हणजे कार्मिनिक आम्ल, चांगल्या मालात किड्याच्या सुक्या वजनातला जवळजवळ पाचवा हिस्सा तेच असतं. किडा तो निवडुंगाच्या लाल फळातून घेतो असं पुष्कळांना वाटतं, पण नाही, तो स्वतःच्या अंगात तयार करतो, आणि करतो ते मुंग्यांनी खाऊ नये म्हणून. गंमत म्हणजे एका पतंगाची अळी हेच किडे खाऊन तोच लाल रस पोटात साठवते आणि मुंग्या अंगावर आल्या की त्यांच्यावर ओकते. चोरावर मोर.

लिपस्टिकबद्दल: आत किड्याचे पाय-बिय नसतात. आम्लाला ॲल्युमिनियमच्या क्षाराबरोबर बसवलं की जी बारीक लाल पूड मिळते ती कार्माइन, ती घालतात. आणि सगळ्याच लिपस्टिकमध्ये नसते हो, पुष्कळशा लाल छटा आता सिंथेटिक आहेत. पाठीमागे कार्माइन किंवा सीआय 75470 लिहिलंय का बघा. कचऱ्यातून बाहेर काढून बघा आधी, स्वस्त नसतात त्या.

आमच्या इतिहासाच्या पुस्तकात स्पेनने मेक्सिकोतून सोनं आणि चांदी नेली एवढंच आहे. रंग पण नेला का? – आठवीतला विद्यार्थी, परभणी

नेला तर! आणि भरपूर पैसा केला त्यावर. बघ, स्पॅनिश लोकांनी 1521 मध्ये ॲझटेकांची राजधानी घेतली तेव्हा तिथल्या बाजारात हा रंग आधीच विकला जात होता, आणि खंडणीच्या याद्यांत कोचिनीलच्या पिशव्या चितारलेल्या आहेत. तिथली लोकं त्याला नोचेस्त्ली म्हणत, म्हणजे निवडुंगाचं रक्त. मुख्य भाग वाहाका, तिथले मिश्तेक आणि झापोतेक शेतकरी किड्यांची अगदी कोंबड्यांसारखी निगा राखायचे, थंडी-पावसात पिल्लंवाली पानं घरात आणून ठेवायचे आणि हरणाच्या शेपटीच्या ब्रशने माद्या झाडायचे.

युरोपात तोवर इतका पक्का आणि इतका गडद लाल इतक्या थोड्या मालात कधी मिळाला नव्हता. थोड्याच वर्षांत नव्या स्पेनमधून, म्हणजे स्पेनच्या ताब्यातल्या मेक्सिकोतून, जाणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल कोचिनील आलं. आणि स्पेनने हे नक्की आहे काय तेच बाहेर कळू दिलं नाही, त्यामुळे बी आहे, फळ आहे की किडा यावर युरोपात शंभर-दीडशे वर्षं भांडणं चालली. शेवटी हॉलंडच्या लेवेनहूकसारख्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरून बघितलं तेव्हा किडा निघाला. मग 1777 मध्ये थिएरी द मेनोनव्हिल नावाचा एक फ्रेंच वनस्पतीतज्ज्ञ चोरून वाहाकापर्यंत गेला, किड्यांसकट निवडुंगाची पानं पेट्यांत भरून बाहेर काढली आणि फ्रेंचांच्या सँ-दोमँगला, म्हणजे आत्ताच्या हैतीला घेऊन गेला. पकडला असता तर काही खरं नव्हतं. तुझ्या पुस्तकात हे का नाही ते मला नको विचारू, मी पण चांदीच पाठ केली होती.

इंग्रजांचे ते लाल कोट असतात ना सिनेमात, त्यात साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठेच्या जातीच्या मुळीचा आणि साहेबाचा कोचिनीलचा. लांबूनच कळायचं कोण कोण आहे ते.

शेताच्या बांधावर फड्या निवडुंग आहे, त्याच्या पानांवर पांढरा कापूस चिकटल्यासारखं दिसतं आणि चिरडलं की बोटं लाल होतात. लहानपणापासून बघतोय. हेच का ते कोचिनील? आमच्या बांधावर लाखोंचा माल पडलाय की काय? – शेतकरी, सांगोला

दादा, तुमचं पत्र वाचून मी खुर्चीतच उडाले, कारण या पत्रात सगळा इतिहास आहे. हे कोचिनीलच, पण सावत्र भाऊ. मेक्सिकोतला पाळीव किडा अंगावर फक्त बारीक पूड बाळगतो, हा जंगली भाऊ स्वतःभोवती मेणाचा कापूस विणून घेतो. रंग तोच असतो, पण बराच कमी, आणि त्या मेणातून सोडवता सोडवता जीव जातो. तेव्हा लाखोंचं विसरा.

पण तो आपल्याकडे आला कसा ते ऐका. मुळात फड्या निवडुंगच आपला नाही, तो अमेरिकेतून आलेला. त्रिधारी निवडुंग वेगळा, त्याचं आणि याचं काही नातं नाही, तो तोडला की पांढरा चीक येतो. तर ईस्ट इंडिया कंपनीला स्पेनच्या कोचिनीलवर ओतावा लागणारा पैसा खुपत होता, आणि अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासला जेम्स अँडरसन नावाच्या कंपनीच्या डॉक्टरने हा विषय डोक्यातच घेतला. हिंदुस्तानात कोचिनील पिकवायचंच म्हणून सैदापेटला निवडुंगाची बाग केली, इकडेतिकडे शेकडो पत्रं लिहिली. बाग तयार, किड्याचा पत्ता नाही. मग 1795 मध्ये कॅप्टन नीलसन नावाचा एक जण ब्राझीलहून येताना निवडुंगासकट किडे घेऊन कलकत्त्याला उतरला. कोण आनंद! आणि निघाला चुकीचा किडा. डॅक्टिलोपियस सेलोनिकस, जंगली, कापूसवाला, हलक्या रंगाचा. रंगाचा धंदा काही उभा राहिला नाही.

उलट झालं असं की या किड्याने एका जातीचा निवडुंग खाऊन साफ केला. तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की रंग राहू दे, माजलेला निवडुंग मारायला तर उपयोग आहे, आणि 1830 च्या दशकात मुद्दाम दक्षिण हिंदुस्तानात नेऊन सोडला. किडा सोडून तण मारायचा जगातला हा पहिला यशस्वी प्रयोग असं आजही शेतकी शास्त्राच्या पुस्तकांत लिहितात. पण हा पठ्ठ्या एकच जात खायचा, बाकीचे फडे तसेच माजलेले, म्हणून 1926 मध्ये सिलोनहून दुसरा भाऊ आणला, डॅक्टिलोपियस ओपंटिये, आणि त्याने पुढच्या पाच-सहा वर्षांत मद्रास इलाख्यातली रानंच्या रानं मोकळी केली. तुमच्या बांधावरचा बहुधा त्याच्याच वंशातला आहे. रंग करायला आणलेला पाहुणा, शेवटी तण काढायच्या कामाला लागला.

ऑस्ट्रेलियात तर याहून भारी. 1788 मध्ये गोऱ्यांचा पहिला ताफा तिकडे गेला तेव्हा कॅप्टन फिलिपने वाटेत ब्राझीलमधून निवडुंग आणि कोचिनील दोन्ही घेतलं होतं. किडे मेले आणि निवडुंग राहिला. पुढे आणखी जाती आल्या आणि त्यांनी लाखो एकर रान गिळलं, ते 1920 च्या दशकात एका पतंगाच्या अळ्या सोडल्या तेव्हा कुठे आटोक्यात आलं.

आणि तुम्ही लहानपणी ती लाल बोंडं खाऊन जीभ रंगवली असेल ना, तो रंग फळाचा, बिटाच्या जातीचा. किड्याचा त्यात काही संबंध नाही, मनात आणू नका.

आम्ही जैन आहोत. कार्माइन टाळतो. पण आता कोणीतरी सांगितलं की गोळ्यांवरचं चकचकीत आवरण, चॉकलेटची चमक आणि आमच्या बोरमाळेतली लाख पण किड्याचीच. खरं आहे का? – एक गृहिणी, इचलकरंजी

खरं आहे, पण थोडा फरक आहे तो सांगते. लाखेचा किडा वेगळा, केरिया लाक्का, आपल्याच देशातला. पिल्लं कोवळ्या फांदीवर बसतात, रस पितात आणि अंगातून राळ सोडत सोडत स्वतःवर घुमट बांधतात. ती राळ म्हणजे लाख. म्हणजे कार्माइन हा किड्याच्या देहाचा रंग आहे आणि लाख हा त्याचा स्राव आहे. पण फांदी खरवडताना आत किडे असतात, पिल्लं बाहेर पडायच्या आधी काढली तर पुष्कळ मरतात, त्यामुळे अहिंसक आहे असं मी छातीठोक म्हणणार नाही. शुद्ध केलेल्या लाखेला शेलॅक म्हणतात, पाकिटावर ई 904. गोळ्या, चॉकलेटं, परदेशातली चकचकीत सफरचंदं यांवर तिचा हात फिरवलेला असतो.

बोरमाळ, कोल्हापुरी साज यांचे मणी वरून सोन्याचे आणि आतून लाखेने भरलेले, नाहीतर एवढ्या पातळ पत्र्याचे मणी दोन दिवसांत चेपले असते. माझ्या आजीची बोरमाळ एकदा चुलीजवळच्या खुंटीला राहिली आणि लाख मऊ होऊन दोन मण्यांच्या भोकातून बाहेर आली होती, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आत काहीतरी आहे. ते दागिने मोडायचे की नाही हे मी कोण सांगणार, तुमच्या महाराजांना विचारा. औषधाच्या गोळीचं मात्र परस्पर बंद करू नका, डॉक्टरांशी बोला, दुसरं आवरण असलेली मिळते का बघतील.

मागच्या अंकात आपण कोचिनीलच्या रंगाला "किरमिजी" म्हटले. हा शब्द फारसी आहे, मराठी स्तंभात शुद्ध मराठी शब्द वापरावा ही विनंती. – एक जागरूक वाचक, पुणे

आलं का पुण्याचं पत्र. काका, शब्द फारसी-अरबीतून आला हे बरोबर, पण तिकडे तो कुठून गेला ते बघा. पुष्कळ अभ्यासक त्याचं मूळ आपल्या कृमी शब्दाच्या घराण्यात बघतात. कृमी, म्हणजे तेच ते, लहान मुलांना ज्यांचं औषध देतो. किर्मिझ म्हणजे किडा आणि किड्याचा रंग, आणि त्यावरूनच इंग्रजांचा क्रिमसन आणि आपण मगाचपासून बोलतोय तो कार्माइन. म्हणजे कृमीने मोठी भावकी केली. तुम्ही शुद्ध करायला घ्याल आणि शेवटी जंतच हाती लागतील, म्हणून किरमिजीच राहू दे.

मूळ किरमिज म्हणजे अमेरिका कळायच्या आधीचा जुना किडा, भूमध्य समुद्राकडच्या एका काटेरी ओकच्या झुडपावरचा, केर्मिस. वाळला की इतका दाण्यासारखा दिसतो की युरोपात शेकडो वर्षं त्याला दाणाच म्हणत. कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर शंखापासूनचा जांभळा रंग मिळेनासा झाला तेव्हा 1464 मध्ये पोप दुसरे पॉल यांनी कार्डिनल मंडळींचे झगे या किरमिजाने रंगवायला सांगितले. आर्मेनियात अरारातच्या पायथ्याशी आणखी एक, तो जमिनीखाली खारट गवताच्या मुळांवर राहतो आणि शरद ऋतूत पहाटे थोडा वेळ वर येतो, तेवढ्यात वेचायचा. पोलंडमध्ये आणखी एक, तो जूनमध्ये वेचायचे, आणि पोलिश भाषेत जून महिन्याचं नावच किड्यावरून पडलंय, चेर्वियेत्स. आपण महिन्यांना नक्षत्रांची नावं दिली, त्यांनी किड्याचं दिलं.

कुंकू पण किड्यांचंच का मग? – काळजीत पडलेली, जळगाव

नाही हो. कुंकू हळदीचं, क्षाराने लाल केलेलं. निश्चिंत लावा. बाजारातलं स्वस्त कुंकू भलत्याच रंगाचं असतं, काळजी करायची तर ती करा.

आमच्या भागात पळसावर लाख घेतात. आजोबा सांगायचे की लाख धुतलेलं लाल पाणी पूर्वी विकलं जायचं, आता नालीत सोडतात. इतका सुंदर रंग फुकट का घालवतात? – वाचक, गोंदिया

तुमच्या आजोबांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. अळता हा शब्द संस्कृतातल्या अलक्तकावरून, आणि अलक्तक म्हणजे हे लाखेचंच लाल पाणी. नवरीच्या पायाला लावायचं. आता बाटलीत मिळतो तो अळता सिंथेटिक, नाव तेवढं जुनं. लाक्षेवर अथर्ववेदात सूक्त आहे, महाभारतात तर अख्खं घर आहे आणि ते जाळायला का बांधलं हे ज्याने चपडा, म्हणजे लाखेचा पापुद्रा, एकदा पेटवून बघितलाय त्याला सांगायला नको.

तर काडीवरची लाख कुटून पाण्यात धुतली की रंग पाण्यात उतरतो, लॅकाइक आम्ल, कार्मिनिकचाच चुलतभाऊ. खाली राहते ती दाणेदार लाख. ती कापडाच्या लांब पिशवीत भरून शेगडीवर धरायची, पिळायची, वितळून बाहेर आली की ताणून पातळ पापुद्रा करायचा, झाला चपडा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनी हा रंग कोचिनीलला टक्कर म्हणून विलायतेला पाठवायची. रंग आणि राळ दोन्हींना भाव होता. युरोपातले चित्रकार ज्याला लेक रंग म्हणतात तो शब्दही आपल्या लाखेवरूनच.

मग 1856 मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन हिवतापावरचं औषध बनवायला गेला आणि भांड्याच्या तळाशी जांभळा रंग सापडला. तिथून डांबरापासूनच्या रंगांची रांगच लागली, 1869 पर्यंत मंजिष्ठेचा लालसुद्धा कारखान्यात व्हायला लागला आणि मग किड्यांना कोण विचारतो. लाखेचं लाल पाणी नालीत गेलं ते तेव्हापासून. राळ मात्र वाचली, कारण ग्रामोफोन आला. जुन्या 78 च्या तबकड्या लाखेच्या, बालगंधर्वांचं गाणं घरोघर पोचलं ते या किड्याच्या राळेवर कोरून. पुढे प्लॅस्टिक आलं आणि तिथूनही लाख उठली. उरली ती सुताराच्या पॉलिशात, सावंतवाडीच्या खेळण्यांवर आणि गंजिफावर, बांगड्यांत, औषधाच्या गोळ्यांवर. रांचीजवळ नामकुमला लाखेसाठी संशोधन संस्था 1924 पासून आहे, रंग परत काढायचं कामही तिथे झालंय, आणि हातमागावर रेशीम रंगवणारे थोडे लोक हा रंग घेतातही. पण नालीचं पाणी आटवून पूड करायला खर्च येतो आणि पुडी रंग दहा रुपयाला मिळतो. माझं मत विचाराल तर गोंदियाच्या बचतगटांनी हा रंग हातात घ्यायला हरकत नाही, घेणारे आहेत, मी आहे एक.

आणि एक, लोक गोंधळतात म्हणून. कुसमी लाख म्हणजे कुसुमच्या झाडावरची, आपण ज्याला कोशिंब म्हणतो. कुसुंबी रंग मात्र करडईच्या फुलांचा. नावं सारखी आहेत म्हणून दुकानदार काहीही खपवतात.

पहिल्या पावसात मखमलीसारखा लाल किडा निघतो, मृगाचा किडा. त्यापासून रंग करतात का? – शिक्षिका, वाई

नाही. तो कीटकही नाही, पाय मोजा, आठ असतात, म्हणजे कोळ्याच्या भावकीतला. गावठी औषधांसाठी त्याला पकडतात आणि ते मला अजिबात आवडत नाही. मुलांना हातावर चालवू द्या आणि परत मातीत सोडायला लावा.

अमेरिकेत पाकिटावर कार्माइन असं स्पष्ट लिहितात, आधी नुसतं कलर ॲडेड असायचं. हे कधी बदललं? – न्यूजर्सी

5 जानेवारी 2011 पासून. त्याचं कारण शाकाहार नाही, ॲलर्जी. काही थोड्या लोकांना या रंगाने अंगावर गांधी उठतात, क्वचित जिवावर बेततं, म्हणून तिथल्या अन्न-औषध खात्याने नाव लिहिणं सक्तीचं केलं. 2012 मध्ये स्टारबक्सच्या स्ट्रॉबेरी पेयात कोचिनील आहे म्हणून व्हीगन लोकांनी ओरड केली आणि त्यांनी टोमॅटोतल्या लाल रंगावर उडी मारली. तुमच्याकडचा बहुतेक माल पेरूतून येतो, देश पेरू. मला तर हे नाव लिहिणं फार योग्य वाटतं. ज्याला खायचंय तो खाईल, पण नैसर्गिक रंग एवढंच लिहून मोकळं होणं ही बनवाबनवी झाली.

घरी रंगवून बघायचंय. सुरुवात कशी करू आणि काय चुकतं? – विद्यार्थिनी, नाशिक

काय चुकतं ते आधी, कारण सगळं चुकवून झालंय माझं. पहिल्यांदा मी काडीची लाख आणली आणि आईच्या स्टीलच्या पातेल्यात खळखळून उकळली, कारण चहाचं तत्त्व, उकळलं की रंग उतरतो. लाख वितळली, बुडाला आणि कडेला चिकटली, ओढणीवर तपकिरी गोळे बसले ते बसले, आणि पातेलं आजही बाल्कनीत कुंडीखाली आहे. लाखेला कोमट पाणीच हवं. कुटायची, कोमट पाण्यात रात्रभर ठेवायची, कापडातून दोनदा गाळायची आणि ते पाणी वापरायचं.

कापड सुती घेऊ नकोस पहिल्यांदा, सुतीला रंग धरायला आधी हिरड्याचं पाणी मग तुरटी अशी दुहेरी उठाठेव लागते. रेशीम किंवा लोकर घे. 100 ग्रॅम लोकरीला 15 ग्रॅम तुरटी, गरम पाण्यात विरघळवून लोकर त्यात तासभर मंद आचेवर, मग तशीच गार होऊ दे. रंगाला लाख असेल तर लोकरीच्या निम्मं ते तेवढंच वजन, कोचिनील असेल तर 5 ते 10 ग्रॅम पुरे, इतका फरक आहे दोघांत. लाखेच्या पाण्यात थोडा चिंचेचा कोळ घातला की लाल खुलतो. लोखंडी कढई नको, सगळं काळपट होईल, आणि ज्या भांड्यात रंगवशील त्यात पुन्हा स्वयंपाक नको.

आणि ऑनलाइन घेताना जपून. मी एका दुकानातून लाखेची नैसर्गिक पूड म्हणून मागवली होती, ती तुरटीशिवायच सुतीवर भडक राणी रंग चढली आणि सात धुण्यांनंतरही बादली गुलाबी करत होती. खरी लाख अशी वागत नाही. थोडी पाण्यात घालून सोडा टाकून बघ, जांभळटपणाकडे वळली तर निदान आशा आहे.

पाण्याचं राहिलंच. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी, जड, क्षारांचं. महागाचं कोचिनील आणून आईच्या साठीसाठी रेशमी स्टोल लाल करायला घेतला, भांड्यातून काढला तर चक्क वांग्याचा रंग. लिंबू पिळलं, व्हिनेगर ओतलं, थोडा तांबूस झाला आणि पुन्हा धुताना त्याच बोअरच्या पाण्यात परत वांगं. तेव्हापासून मी रंगवायला आणि धुवायला गच्चीवर धरलेलं पावसाचं पाणी वापरते, कॅनमध्ये साठवून ठेवते. आईने तो स्टोल घातला, विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं की मुलीने मुद्दाम असा केलाय.